सल्ल्यानं इस्तो इझते काय?

विदर्भातल्या आमच्या पंचायत समितीच्या आमसभेत या वेळी रस्ते आणि घरकुलं आटोपल्यावर आगीचा विषय निघाला. दिवाळीच्या तोंडावर तालुक्यात सोयाबीनच्या गंज्या जळाल्या होत्या, त्यामुळे सभा आधीच तापलेली होती. एका माजी सदस्यानं दर सर्कलला एक बंब मागितला. टाळ्या पडल्या. मग एक निवृत्त मास्तर उठले. राज्याला अग्निशमन सल्लागार असतो म्हणे, त्याला एकदा इकडे बोलवा, गावात आग का लागते ते तरी त्याला पाहू द्या, असं ते म्हणाले. मागच्या रांगेतून आवाज आला, "सल्ल्यानं इस्तो इझते काय, मास्तर?" सगळे हसले, मंचावरचे पाहुणेही हसले, आणि पुढचा विषय पुकारला गेला.

तेव्हापासून चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या पंगतीत हाच वाद ऐकतो आहे, आणि तो फार वाईट तऱ्हेनं चालला आहे. एक बाजू म्हणते, सल्लागार म्हणजे फुकटचा पगार, त्या पैशात बंब घ्या. दुसरी बाजू शिकलेल्यांची. तिला वाटतं, तज्ज्ञ नेमला की बाकीचं आपोआप होईल. पहिल्यांच्या लेखी आग ही पेटल्यानंतर विझवायची गोष्ट आहे. दुसऱ्यांच्या लेखी सरकार शहाण्या माणसाचं ऐकतंच. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं की गावाला बंब हवाच, पण त्याच्याबरोबर गावाच्या वतीनं बोलायला बांधील असलेला अग्निशमन सल्लागार हवा, आणि त्याच्या सल्ल्याला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणं सरकारवर कायद्यानं बंधनकारक हवं. ही दुसरी अट नसेल तर पहिल्या बाजूनं खुशाल हसावं. मीही हसेन.

आज काय आहे ते आधी पाहू. महाराष्ट्र अग्निशमन सेवेचं संचालनालय मुंबईत सांताक्रूझला आहे आणि तिथले संचालक राज्याचे अग्निशमन सल्लागार म्हणूनही ओळखले जातात. हे संचालनालय नगरविकास विभागाखाली येतं. विभागाचं नावच नगरविकास! यात कुणा अधिकाऱ्याचा दोष नाही, गाठ थेट राज्यघटनेत आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली, तिच्यातल्या नगरपालिकांच्या १८ विषयांत सातवा विषय अग्निशमन सेवा हा आहे. त्याच सुमारास पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत. कुक्कुटपालन आहे, ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, बाराव्या क्रमांकावर इंधन आणि वैरणही आहे. आग मात्र कुठेच नाही. म्हणजे वैरण हा ग्रामपंचायतीचा विषय, आणि ती वैरण पेटली की तो कुणाचाच विषय नाही. राज्याचा २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम घ्या. त्याचा सारा भर इमारतींवर आहे. मालकानं किंवा भोगवटादारानं यंत्रणा बसवावी आणि ती चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यावा, अशी रचना. शहरातल्या दवाखान्यासाठी आणि मॉलसाठी ती योग्यच आहे. पण सोयाबीनची गंजी ही इमारत नव्हे, आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गोठ्याचा भोगवटादार एक म्हैस असते.

आता मागच्या रांगेतल्या भाऊंचं म्हणणं. ते खोटं नाही. देशाच्या पातळीवर आगीबाबत सल्ला देणाऱ्या स्थायी परिषदेनं पहिला बंब पोचायला शहरात पाच ते सात मिनिटं आणि ग्रामीण भागात वीस मिनिटं असा निकष घातला आहे. वीस मिनिटांत पोचायचं तर आमच्याकडच्या रस्त्यांवर बंब बारा-पंधरा किलोमीटरांच्या आत उभा असायला हवा. धारणी, सिरोंचा, भामरागड या तालुक्यांतल्या माणसाला हा निकष वाचून दाखवा. तो तुमच्याकडे दयेनं पाहील. कडब्याची गंजी पेटली की घराघरातल्या घागरी संपेपर्यंत खेळ आटोपतो. बंब येतो, उरलेल्या धुरावर पाणी मारतो, चालक वहीवर सरपंचाची सही घेतो आणि जातो. ज्यानं हे चार वेळा पाहिलं, त्याला सल्लागार हा शब्द चेष्टेचा वाटला तर त्याचं काय चुकलं?

तरी मी विचारतो: बंब आले, मग काय झालं? मधल्या काळात विदर्भातल्या अनेक तालुक्याच्या गावांना नगरपंचायती मिळाल्या आणि त्यांच्याबरोबर हळूहळू बंबही आले. ही चांगली गोष्ट आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आमच्याही जवळच्या एका नगरपंचायतीत तो आला. नवा कोरा, लालभडक. एका उन्हाळ्यात आमच्या शिवारात आग लागली तेव्हा फोन केला, तर बंब होता पण चालक लग्नाला गेला होता. बदली चालक मिळाला तो पांदण रस्त्याच्या तोंडाशी थांबला, कारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी घेतलेली गाडी त्या चाकोरीतून जाणार नव्हती. हे उन्हाळ्यातलं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलगाडी रुतते, तिथे बंबाचं काय घेऊन बसलात! मग ही गाडी विकत घेताना कुणी विचारलं होतं की ती कुठल्या रस्त्यावरून जाणार आहे? एवढ्या मोठ्या टाकीऐवजी लहान, चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यावी का? ट्रॅक्टरच्या मागे लावता येईल असा पंप पुरेल का? हा प्रश्न विचारणाऱ्या माणसालाच सल्लागार म्हणतात. तो नसतो तेव्हा पुरवठादाराचं माहितीपत्रक सल्लागाराचं काम करतं.

आणि विदर्भात बंब अगदीच नाहीत असंही नाही. मोजायला बसलो की चकित व्हायला होतं. नगरपालिकांचे आहेत, औद्योगिक वसाहतींचे आहेत, कोराडी-खापरखेडा-चंद्रपूरच्या वीज केंद्रांचे आहेत, कोळसा खाणींचे, आयुध निर्माणींचे, विमानतळाचे आहेत. आगीवरचं मनुष्यबळ तयार करणारी देशाची मोठी संस्था, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, १९५७पासून नागपुरात आहे. स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालयसुद्धा नागपुरातच. म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती असावा याचं मोजमाप हवं असेल तर नागपूरहून शंभर किलोमीटर कुठल्याही दिशेनं जावं. या सगळ्या बंबांचे धनी वेगवेगळे. एक नगरविकासाचा, एक उद्योग खात्याचा, एक ऊर्जा खात्याचा, एक संरक्षण मंत्रालयाचा. गावातली आग कुठल्या धन्याच्या बंबाच्या सगळ्यांत जवळ आहे, त्या धन्यानं फाटकाबाहेर गाडी काढायला कुणाची परवानगी लागते, डिझेलचं बिल कोण देणार, हे सगळं आधी ठरवून कागदावर आणायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक नकाशा लागतो आणि चार खात्यांना एका टेबलाशी बसवू शकणारा माणूस लागतो. जिल्हाधिकारी हे करू शकतात, कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण त्यांच्याच हाताखाली आहे. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर त्याच वेळी निवडणूक, पीक कर्ज, पाणीटंचाई आणि मंत्र्यांचा दौरा असतो. आगीचा विचार आग नसताना करणारा माणूस वेगळाच लागतो.

यावर एक जुना दाखला देतो, कारण दरवर्षी १४ एप्रिलला तो समारंभानं आठवला जातो आणि त्यातला मुद्दा तेवढा सोडून दिला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन दारूगोळा होता. कापूस कसा जळतो हे आमच्या हिंगणघाट-खामगावच्या जिनिंगवाल्यांना विचारा: वरून विझला असं वाटतं आणि गाठीच्या पोटात तो दिवसचे दिवस धुमसत राहतो. दुपारी धूर दिसल्यापासून चारनंतरच्या पहिल्या स्फोटापर्यंत हाताशी वेळ होता. दारूगोळ्याची जाण असलेला लष्करी अधिकारी जहाज बुडवा म्हणून सांगत होता. कप्तान एक म्हणत होता, गोदीचे अधिकारी दुसरं, अग्निशमन दलाचे तिसरं. सल्ला होता, जाणकाराचा होता, वेळेवर होता. त्यावर हो किंवा नाही म्हणायची जबाबदारी मात्र कुणा एकावर नव्हती. अग्निशमन दलाचेच ६६ जवान त्या दिवशी गेले. आपण त्यांच्या स्मृतीसाठी अग्निशमन सप्ताह पाळतो, शाळकरी पोरांना बंबावर बसवून फोटो काढतो. सल्ला ऐकला न ऐकला याची नोंद कुणी ठेवायची, हा १९४४चा प्रश्न अजून तिथेच पडलेला आहे.

दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे शिकलेल्यांच्या भाबडेपणालाही इथेच उत्तर मिळतं. तज्ज्ञ नेमला की झालं? केळकर समितीनं २०१३ साली राज्याच्या प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला, तो कुठे आहे ते सांगा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्नि-तपासणीचे आदेश निघाले. पाहण्या झाल्या, अहवाल आले, दोष कळले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि आणखी अकरा जण गेले. दहा महिने! तपासणीत सापडलेल्या दोषापासून तो दुरुस्त होण्यापर्यंतची जी वाट आहे, ती आमच्या पांदण रस्त्यापेक्षा वाईट आहे. कारण त्या वाटेवर कुणालाच कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

तरीही, मोजणाऱ्या माणसाला कमी लेखू नका. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोल मोजायला सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ला तिचा अहवाल आला. त्याआधीही विदर्भ मागासलेला होता, भाषणंही होत होती. पण रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने असं एकेक क्षेत्र घेऊन अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची तूट, रुपयांत मांडला गेला आणि अनुशेष हा शब्द आमच्याकडच्या पानटपरीवर पोचला. त्याच्या आधारावर माणसं भांडली, विधिमंडळात आकडे फेकले गेले, १९९४ला वैधानिक विकास मंडळं आली. अनुशेष संपला नाही, मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२०ला संपली, हे मला ठाऊक आहे. पण भांडायला हातात आकडा आला तो सल्लागारांमुळेच. आगीपासूनच्या संरक्षणाचा असा अनुशेष गावनिहाय कुणी मांडलाय? पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रानं राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना २०२३ला आणली. त्यातला किती वाटा गावाच्या शिवारापर्यंत यावा, हे मुंबईत ठणकावून सांगायला आपल्या बाजूनं कोण उभं होतं? आमसभेतल्या टाळ्या तिथवर ऐकू जात नाहीत.

इथे इंग्लंडचं उदाहरण घेतो, तिथे सगळं छान आहे म्हणून नाही, उलट तिथेही बिघडलं म्हणून. २००७पासून तिथे मंत्र्यांना सल्ला द्यायला मुख्य अग्निशमन व बचाव सल्लागार हे पद होतं. २००९ साली लंडनमध्ये लेकनल हाउस या उंच इमारतीला आग लागून सहा जण मेले. २०१३ला मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरनं सरकारला लेखी कळवलं की इमारतींच्या अग्निसुरक्षेची मार्गदर्शक नियमावली तपासून सोपी करा. तिथल्या नियमानुसार अशा पत्राला सरकारनं ५६ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर गेलं. नियमावलीची फेरतपासणी मात्र रेंगाळली, आणि १४ जून २०१७ला ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. आता म्हणाल, लेखी उत्तराची सक्ती असूनही काय उपयोग झाला? उपयोग मेलेल्यांना झाला नाही. पण चौकशी आयोगासमोर ती पत्रं होती. कुणी कधी काय कळवलं, कुणी काय उत्तर दिलं आणि नंतर कुठल्या खात्यात फाइल अडली, हे नावानिशी मांडता आलं. २०२४च्या अंतिम अहवालात आयोगानं सांगितलं की आगीची जबाबदारी अनेक खात्यांत विखुरलेली होती, ती एका मंत्र्याखाली आणा; आणि पुढच्या वर्षी अग्निशमनाचा कारभार गृहखात्याकडून काढून घरबांधणीच्या खात्याकडे दिला गेला. आपल्याकडे इतका मागोवा घ्यायला कागदच नसतो. चौकशी समिती बसते, कनिष्ठ माणूस निलंबित होतो, आणि वरच्यांना कुणी काय सल्ला दिला होता हे कळायला मार्ग नसतो, कारण सल्ला तोंडी होता किंवा उत्तर द्यायचं बंधन नव्हतं.

हे मुदतीचं बंधन आपल्याला परकंही नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे मंत्री नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या हातात एकही खातं नव्हतं. त्यांनी सुचवलेली गोष्ट १९७२च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७ला तिचा कायदा झाला. त्या कायद्याची ताकद कशात होती? मजुरानं काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्या, नाही तर बेकारी भत्ता द्या, या वाक्यात. सूचना शहाणपणाची होती म्हणून ती टिकली असं मला वाटत नाही. तिला तारीख जोडली होती म्हणून ती तहसीलदाराच्या टेबलावर जिवंत राहिली. अग्निशमन सल्लागाराच्या सूचनेला तशीच तारीख जोडा. मान्य असेल तर किती दिवसांत करणार ते लिहा, नसेल तर का नाही ते लिहा, आणि दोन्ही कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

असा सल्लागार रोज सकाळी उठून करेल काय? माझ्या मते त्यानं आधी पंचनामे वाचावेत. गावात आग लागली की तलाठी येतो, पंच बोलावतो, नुकसानीची रक्कम लिहितो. आग ही सरकारच्या यादीतल्या आपत्तींपैकी एक आहे, म्हणून मदत मिळू शकते, आणि पंचनामा त्या मदतीसाठी असतो. त्यात कारणाच्या रकान्यात दोनच शब्द आलटून पालटून भेटतात: 'शॉर्टसर्किट' नाही तर 'अज्ञात'. तलाठ्याला दोष देऊन उपयोग नाही, आग कशी लागते हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तार लोंबकळत होती की गंजीच तारेखाली रचली होती? ओलं कुटार रचून आतून तापलं होतं का? शेजारच्या धुऱ्यावरचं गवत कुणी पेटवलं होतं आणि वारा फिरला? की भाऊबंदकीतून कुणी रात्री काडी लावली? यातलं प्रत्येक कारण वेगळा उपाय मागतं. पहिल्याला वीज कंपनी, दुसऱ्याला कृषी सहायक, तिसऱ्याला ग्रामसभा, चौथ्याला पोलीस पाटील. अज्ञात या रोगावर औषध नाही. आणि वीज कंपनीकडून भरपाई मागायची वेळ आली की हाच 'अज्ञात' शेतकऱ्याच्या गळ्याला फास होतो. पीकविम्यातही २०२५च्या खरिपाआधी कापणीनंतरचं संरक्षण गारपीट, चक्रीवादळ आणि अवकाळी पावसासाठीच होतं. माणसानं लावलेल्या आगीत जळालेली गंजी त्यात तेव्हाही बसत नव्हती. तालुक्यातले दहा वर्षांचे पंचनामे सलग वाचणारा एकही माणूस आज सरकारच्या नोकरीत नाही, ही गोष्ट मला बंब नसण्याइतकीच गंभीर वाटते.

आणि सल्ला द्यायचा तो कसा? त्याचा नमुना मराठीत साडेतीनशे वर्षं पडून आहे. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र आपण रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका एवढ्यासाठी आठवतो. त्याच पत्रात आगीबद्दल केवढी बारीक ताकीद आहे! गवत पडलेलं असताना, वारं सुटलेलं असताना भलत्या जागी चुली मांडू नका, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका, रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवील. उंदीर! ज्यानं हे लिहवलं त्यानं पागेतली रात्र पाहिलेली होती. एका खणाला आग लागली तर सगळे खण जातील, गवताशिवाय घोडी मरतील, आणि ते पाप तुमच्या माथी, असा हिशेबही त्यात आहे. कारण आहे, परिणाम आहे, जबाबदार माणूस आहे. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर 'नागरिकांनी आगीबाबत दक्षता घ्यावी' असं परिपत्रक येतं. दक्षता म्हणजे काय, ते दक्ष नागरिकानं शोधून काढायचं.

आजचा उंदीर कोणता, हे शोधणारा माणूस हवा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांना फवारायला ट्रॅक्टरवरचे ब्लोअर आहेत, कापूस-तुरीच्या पट्ट्यात पंप बसवलेल्या फवारणीच्या टाक्या आहेत. पाचशे-सहाशे लिटर पाणी, जोराचा पंप, लांब नळी, आणि पांदणीतून जाणारं वाहन, हे सगळं गावात आधीच उभं आहे. आग लागली की पोरं तेच घेऊन धावतात. ते चालतं का, कुठल्या तोंडीनं फवारा दूर जातो, टाकीत उरलेल्या औषधाचा धूर विषारी होईल का? ज्या यवतमाळनं २०१७ला फवारणीच्या विषबाधेनं माणसं मरताना पाहिली, तिथे शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. नागपूरच्या महाविद्यालयात चार दिवस प्रयोग केले तर उत्तर मिळेल. थ्री फेज लाइन ज्या वेळी नसते, त्या वेळी विहीर तुडुंब असून आगीला पाणी मिळत नाही. आग लागल्यावर फिडर, म्हणजे पंपांची वीजवाहिनी, चालू करायला उपकेंद्राला कुणी सांगायचं, हेही ठरवता येईल. यात बंब कुठेच आला नाही, बघा.

बचावाचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात आमची लाज जास्त आहे. १ जुलै २०२३ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली, २५ माणसं आतच जळाली. पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६च्या पहाटे आग लागली, तेव्हा आसपासच्या गावांतले लोक स्फोट ऐकून अंधारात घरं सोडून निघाले. झुंज गावाजवळ वर्धा नदीत १४ सप्टेंबर २०२१ला नाव उलटली, अकरा जण बुडाले. अशा वेळी पहिला हात देतात ते जवळच्या शेतातले लोक आणि नदीवरचे धीवर, भोई. त्यांना ना जॅकेट, ना दोर, ना विमा. उन्हाळ्यात वैनगंगेत डोंगे घालणाऱ्या माणसाला पाण्याचं जेवढं ज्ञान आहे, तेवढं कुठल्या पथकाकडे असेल? त्याला पथकात घ्या, मानधन द्या, असं म्हणायला सल्लागार लागू नये. पण कुणी म्हटलेलं नाही, हेही खरं.

एक शंका मात्र मला स्वतःलाच छळते आणि ती बंबवाल्यांच्या शंकेपेक्षा मोठी आहे. सल्लागार आला की त्याच्या मागे फॉर्म येतील. गंजी रचायला ना-हरकत दाखला, गोठ्याला तपासणी, चुलीला नोटीस. ज्या शेतकऱ्याला सातबाऱ्यासाठी चार खेटे घालावे लागतात, त्याच्या उरावर आणखी एक साहेब कशाला? ही भीती रास्त आहे, म्हणूनच मी सल्लागार म्हणतो आहे, निरीक्षक म्हणत नाही. त्याला दंड करायचा अधिकार नको, दाखले द्यायचा तर मुळीच नको. त्याला तीनच गोष्टी द्या: कुठल्याही खात्याचा आगीचा कागद मागवायचा हक्क, आपलं मत लोकांसमोर जाहीर करायची मोकळीक, आणि उत्तराची तारीख. त्याचा धाक सरकारला असावा, शेतकऱ्याला नव्हे. पद निवृत्तांच्या सोयीचं होऊ नये म्हणून त्यानं वर्षातले किती दिवस नागपूर-अमरावती विभागांतल्या गावांत काढले याचा हिशेब विधिमंडळात ठेवावा, आणि त्याची नेमणूक नगरविकासकडून काढून ग्रामविकास आणि महसूल यांच्या सहीनं व्हावी. हे सगळं झालं तरी तो निकम्मा निघू शकतो. निघाला तर निदान त्याच्या निकम्मेपणाचे कागद असतील.

आमसभेनंतर ते मागच्या रांगेतले भाऊ मला बसस्टँडवर भेटले. मी मास्तरांची बाजू घेऊन बरंच बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. गेल्या वर्षीच्या त्यांच्या गंजीचा पंचनामा होता, कारणाच्या रकान्यात 'अज्ञात'. "वायरची ठिणगी म्या सोता पायली होती," ते म्हणाले, "तलाठ्याले सांगतलं. त्यानं म्हटलं, हे लिहाले इंजिनिअरचा दाखला लागते. इंजिनिअर म्हणे, पंचनाम्यात असन त देतो." मग कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "तुमचा तो सल्लागार हे वाचन काय?"